बाह्य फ्लॅश निवडताना: खोक्यावरचा आकडा नंतर, आधी डोकं किती फिरतं ते बघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅमेरा बदलत्या लेन्सचा आणि लेन्स सोबत आलेलीच, १८-५५ मिमी, एफ/३.५ ते ५.६. घरातल्या कार्यक्रमांचे आणि मुलांचे फोटो कॅमेऱ्यातल्या फ्लॅशने काढले की चेहरे पांढरेफटक येतात, मागच्या भिंतीवर कडक सावली पडते आणि बाकीची खोली काळोखात जाते. म्हणून बाहेरून लावायचा फ्लॅश घ्यायचा आहे. दोन नजरेत आहेत. एकाचा गाईड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) ५८ आहे, पण त्याचं डोकं फक्त वर उचललं जातं. दुसऱ्याचा ३६ आहे, डोकं वरही होतं आणि दोन्ही बाजूंना फिरतंही, टीटीएल (लेन्समधून प्रकाश मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवण्याची सोय) आहे, आणि तो थोडा महाग आहे. कोणता घ्यावा, टीटीएल खरंच लागतं का, आणि घरात पडलेला फिल्मच्या काळातला जुना फ्लॅश चालून जाईल का?

दुसरा घ्या. तुमची अडचण प्रकाश कमी पडण्याची नाही, तो कुठून येतो याची आहे. कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सच्या जवळपास रेषेत बसलेला असतो आणि आकाराने बोटाच्या पेराएवढा. एवढ्याशा जागेतून आणि समोरून येणारा प्रकाश चेहऱ्यावरचे उंचसखल भाग पुसून टाकतो, नाकाखाली आणि कानामागे धारदार सावली पाडतो आणि डोळ्यांच्या पडद्यावरून परतून डोळे लाल करतो. त्याच जागी दहापट ताकदीचा फ्लॅश समोर तोंड करून लावलात, तर फोटो तसाच येईल, फक्त जरा लांबच्या माणसापर्यंत पोचेल. फोटो बदलतो तो फ्लॅश छताकडे किंवा भिंतीकडे वळवल्यावर. मग माणसावर पडणारा प्रकाश फ्लॅशच्या काचेतून आलेला नसतो, छतावरच्या दोन-तीन चौरस मीटरच्या उजळलेल्या पट्ट्यातून आलेला असतो. उगम मोठा झाला की सावलीची कड विरघळते.

आता यात डोकं बाजूला फिरण्याचा संबंध कुठे येतो? कॅमेरा आडवा धरला असताना नुसतं वर होणारं डोकं छताकडे बघतं, तोवर ठीक. पण उभा फोटो काढायला कॅमेरा वळवला की तेच डोकं बाजूच्या भिंतीकडे बघायला लागतं, आणि भिंत लांब असेल किंवा गडद रंगाची असेल तर हातात काहीच उरत नाही. माणसांचे निम्मे फोटो तरी आपण उभेच काढतो. शिवाय सरळ वरून येणारा प्रकाश डोळ्यांच्या खोबणीत सावली टाकतो. डोकं किंचित मागे आणि बाजूला, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे आणि छताच्या कोपऱ्याकडे वळवलं, तर प्रकाश चेहऱ्यावर तिरका आणि समोरून येतो, डोळ्यांत चमक दिसते. घरातल्या फोटोंसाठी मला याहून जास्त उपयोगी पडलेली दुसरी जागा नाही. त्यासाठी डोकं वर ९० अंश आणि दोन्ही बाजूंना १८० अंश फिरलं पाहिजे. काही फ्लॅश एका बाजूला १८० आणि दुसऱ्या बाजूला ९० अंशच फिरतात. तेही चालतं, थोडी सवय लागते.

गाईड नंबरबद्दल सविस्तर लिहितो, कारण खरेदीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. गाईड नंबर म्हणजे अंतर गुणिले एफ-नंबर (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), बहुधा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला, मीटरमध्ये. नंबर ३६ असेल तर ३ मीटरवरच्या माणसाला पूर्ण ताकदीने एफ/१२ इतका प्रकाश मिळतो. गणित सोपं आहे, अडचण पुढेच आहे. फ्लॅशच्या डोक्यात पुढेमागे सरकणारी नळी असते. ती मागे गेली की प्रकाशाचा झोत अरुंद होतो, लांब जातो, आणि नंबर वाढतो. कंपन्या हा नंबर वेगवेगळ्या झूमला, म्हणजे लेन्सच्या मिमीशी जुळवलेल्या झोताच्या रुंदीला, मोजून छापतात. कॅननच्या ६००ईएक्स-आरटीचा नंबर ६० आहे, पण तो २०० मिमीच्या झूमला. तोच फ्लॅश ३५ मिमीला ३६ भरतो. निकॉनच्या एसबी-९१० चा नंबर ३४ छापलेला असतो, कारण निकॉन तो ३५ मिमीला देते. कागदावर एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट वाटतो, प्रत्यक्षात दोघे बरोबरीचे आहेत. म्हणून तुमच्या ५८ वाल्याच्या माहितीपत्रकात तो आकडा किती मिमीला आहे ते शोधा. १०५ मिमीला असेल, तर ३५ मिमीला तो या ३६ वाल्याच्या आसपासच येऊन बसेल. किती मिमीला ते कुठेच लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट, नंबर दुप्पट म्हणजे प्रकाश दुप्पट नव्हे, चौपट. ६० आणि ४३ मधला फरक फक्त एका स्टॉपचा (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी) आहे, म्हणजे आयएसओ ४०० ऐवजी ८०० केलं की भरून निघणारा. आजच्या सेन्सरवर ती काही मोठी किंमत नाही.

मग ताकद लागतच नाही का? लागते, आणि तीसुद्धा बाउन्स करतानाच, म्हणजे प्रकाश छतावर किंवा भिंतीवर मारून परतवताना. तुमच्या लेन्सवर हिशेब करून बघू. माणूस ३ मीटरवर आहे, एफ/५.६, आयएसओ ४००. या आयएसओला ३६ चा नंबर दुप्पट होऊन ७२ होतो. फ्लॅश सरळ समोर मारलात तर ७२ भागिले ३, म्हणजे एफ/२४ चा प्रकाश. लागतोय एफ/५.६ चा. फ्लॅशची सोळाव्या हिश्श्याएवढी ताकदही पुरते. आता तोच छतावर मारा. छत ३ मीटर उंच, कॅमेरा आणि चेहरा दीड मीटरवर. प्रकाश वर जाऊन परत खाली येईपर्यंत साधारण सव्वाचार मीटर चालतो. म्हणजे एफ/१७. पण छत आरसा नव्हे, ते प्रकाश चहूकडे उधळतं. पांढऱ्या छतासाठीसुद्धा दोन स्टॉप वजा धरायचे. उरला एफ/८.५. लागतोय ५.६, म्हणजे जवळपास अर्ध्या ताकदीने काम होतं. ३५ मिमीला जेमतेम २० नंबर असलेला छोटा खिशातला फ्लॅश इथे एफ/४.७ वर अडकेल. आयएसओ ८०० केलंत तर तो जवळजवळ पूर्ण ताकद लावून पोचेल आणि दर फोटोनंतर भरून यायला वेळ घेईल. छत ५ मीटरवर गेलं की मोठ्या फ्लॅशचीही दमछाक होते. तिथे मी आयएसओ १६०० ला जातो, मग पुन्हा तिसऱ्या हिश्श्याच्या ताकदीत काम भागतं.

३५ मिमीला ३० ते ३६ नंबर आणि पूर्ण फिरणारं डोकं, एवढं असलं की घरातल्या कामासाठी पुरे. त्याहून मोठा घेण्यात अर्थ आहे तो मोठ्या सभागृहात काम करणाऱ्यांसाठी किंवा बाहेर उन्हात छत्री, सॉफ्टबॉक्स अशी प्रकाश मऊ करणारी साधनं फ्लॅशला लावून माणसांचे फोटो काढणाऱ्यांसाठी.

मागची खोली काळी पडते त्याचं औषधही इथेच आहे, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. माणूस २ मीटरवर आणि मागची भिंत ६ मीटरवर असेल, तर भिंतीवर समोरून मारलेला प्रकाश नवव्या हिश्श्याएवढाच पोचतो, तीन स्टॉपहून जास्त अंधार. बाउन्समुळे हा फरक बराच कमी होतो. उरलेलं काम खोलीतल्या दिव्यांना करू द्या. शटरच्या वेगाचा फ्लॅशच्या प्रकाशावर परिणाम होत नाही, कारण फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास पेटून विझून जातो. खोलीतल्या दिव्यांचा प्रकाश मात्र शटर उघडं असेपर्यंत साठत राहतो. म्हणून १/२०० वरून १/६० वर या, आयएसओ ८०० ठेवा, खोली उजळेल आणि चेहरा तसाच राहील. पळणाऱ्या मुलांसाठी १/१२५ च्या खाली जाऊ नका, नाहीतर कडांवर पुसट भूत दिसतं. दिवे पिवळे असतील तर फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) चिकटवा. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्विनचा असतो. तो तसाच ठेवला तर चेहरे निळसर किंवा मागची खोली केशरी, दोन्हींपैकी काहीतरी बिघडतंच.

टीटीएल. बटण दाबल्यावर शटर उघडण्याआधी फ्लॅश एक बारीकशी चमक सोडतो, कॅमेरा ती लेन्समधून मोजतो आणि खऱ्या चमकेची ताकद ठरवतो. एवढं सगळं डोळ्याला एकच चमक वाटावी इतक्या झटपट होतं. तुमच्या वापरात, जिथे माणूस कधी १ मीटरवर तर कधी ४ मीटरवर आणि छताची उंची खोलीगणिक वेगळी, तिथे टीटीएल घ्याच. हाताने ताकद बदलत बसाल तोवर मूल हसून झालेलं असेल. मात्र टीटीएल आंधळेपणाने वापरू नका. पांढरे कपडे घातलेला माणूस चौकट भरून उभा असेल तर कॅमेऱ्याला प्रकाश जास्त झाल्यासारखं वाटतं आणि तो फ्लॅश आवरतो. काळ्या कपड्यांत उलट होतं. फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन हे टीटीएलने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करणारं बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. पांढऱ्याला अधिक पाऊण ते एक स्टॉप, काळ्याला उणे तेवढंच.

वस्तूंचे फोटो, टेबलावरची मांडणी, ट्रायपॉडवरचा कॅमेरा अशा कामात अंतर बदलत नाही. तिथे साधा मॅन्युअल, म्हणजे हाताने ताकद ठरवायचा, फ्लॅश जास्त भरवशाचा, कारण दहाव्या फोटोतही पहिल्याइतकाच प्रकाश येतो. मॅन्युअल फ्लॅश टीटीएलवाल्यापेक्षा बराच स्वस्त असतो. पहिला टीटीएल घ्या आणि पुढे कधी दुसरा दिवा लागला तर मॅन्युअल घ्या, असा माझा सल्ला. टीटीएल फ्लॅशमध्येही मॅन्युअल सोय असतेच, पूर्ण ताकदीपासून १/६४ किंवा १/१२८ पर्यंत. ती नसलेला फ्लॅश घेऊ नका.

टीटीएल म्हटलं की जुळणीचा प्रश्न आला. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी आहे: कॅननचं ई-टीटीएल, निकॉनचं आय-टीटीएल, पेंटॅक्सचं पी-टीटीएल, सोनी आणि फुजीफिल्मचं आपापलं. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांचं तेवढं एकमेकांशी जुळतं. कॅननचा टीटीएल फ्लॅश निकॉनवर टीटीएलने चालणार नाही. गोडॉक्ससारख्या कंपन्या एकाच फ्लॅशच्या वेगवेगळ्या आवृत्त्या काढतात आणि नावाच्या शेवटी सी, एन, एस, एफ, ओ अशी अक्षरं लावतात. टीटी६८५सी कॅननसाठी, टीटी६८५एन निकॉनसाठी. मागवताना हे एक अक्षर दोनदा तपासा. सोनीचा मामला आणखी वेगळा: २०१२ च्या आधीच्या अल्फा कॅमेऱ्यांवर मिनोल्टा कंपनीकडून आलेला निराळ्या आकाराचा शू (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायची खाच) होता, नंतर मल्टी इंटरफेस शू आला. जुना फ्लॅश नव्यावर लावायला अडॅप्टर लागतो. आणि कॅननच्या २५०डी (काही देशांत नाव २००डी मार्क २) सारख्या काही प्राथमिक कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये मधली पिनच नाही. त्यांच्यावर फक्त मधल्या पिनेवर पेटणारे साधे मॅन्युअल फ्लॅश अजिबात पेटत नाहीत आणि ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश पेटवणारं यंत्र) चालत नाहीत. तुमच्या कॅमेऱ्याच्या शूमध्ये मधोमध गोल धातूचा ठिपका आहे का, ते आत्ताच उठून बघा. नसेल तर तुमच्या कॅमेऱ्याची भाषा बोलणारा फ्लॅशच घ्यावा लागेल.

जुन्या फ्लॅशबद्दल मात्र मी हात जोडून सांगेन, तपासल्याशिवाय लावू नका. फिल्मच्या काळातल्या कित्येक फ्लॅशच्या पायाशी २०० व्होल्टच्या वर दाब असतो. जुन्या कॅमेऱ्यात दोन धातूचे तुकडे एकमेकांना टेकायचे, त्यांना त्याचं काही वाटत नसे. आताच्या कॅमेऱ्यात ते काम नाजूक इलेक्ट्रॉनिक्स करतं. काही कॅमेरे २५० व्होल्टपर्यंत सहन करतात, काहींची मर्यादा ६ व्होल्ट आहे. आपल्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत बघा. फ्लॅशमध्ये सेल घालून, तो भरल्याचा दिवा लागल्यावर मल्टिमीटरने मधली पिन आणि बाजूची पट्टी यांच्यातला दाब मोजता येतो. आकडा मर्यादेत आला तर वापरा, टीटीएल मिळणार नाही इतकंच. फ्लॅश उघडायचा मात्र कधीही नाही. आतला कपॅसिटर सेल काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला राहू शकतो, आणि तो झटका जिवावर बेतू शकतो.

हाय स्पीड सिंकवर लोक फार अडून बसतात. कॅमेऱ्याचा शटर १/२०० किंवा १/२५० पर्यंतच एका क्षणी पूर्ण उघडा असतो. त्यापुढे दोन पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते आणि साधी चमक त्या फटीपुरतीच उतरते, बाकी काळा पट्टा. हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश फट सरकत असेपर्यंत बारीक चमकांची माळ सोडतो. भर उन्हात एफ/१.८ ने चेहरा काढायचा असेल तर हवंच. पण त्यात ताकद दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त घटते, आणि घरातल्या फोटोंना त्याचा काही उपयोग नाही. आयतं मिळालं तर चांगलं, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

त्यापेक्षा रेडिओची सोय बघा. पुढे केव्हातरी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला ठेवायची इच्छा होणार, प्रत्येकालाच होते. जुनी पद्धत प्रकाशाच्या इशाऱ्यावर चालते. ती खोलीत ठीक, पण उन्हात किंवा आडोशाला चुकते. फ्लॅशच्या आतच २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ असला की नंतर फक्त एक ट्रिगर घ्यावा लागतो. पुढचे फ्लॅशही त्याच कंपनीचे, त्याच रेडिओचे घेतले तर सगळे एकमेकांशी बोलतात. त्यामुळे आज तुम्ही फ्लॅश निवडताना नकळत एक घराणंच निवडत असता.

सेलचा खर्च हिशेबात धरा. पेन्सिल सेलवर (एए आकाराच्या) चालणारा फ्लॅश असेल तर अल्कलाईन सेल घालू नका, चांगले निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल घ्या. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असला तरी ते प्रवाह झटकन देतात, त्यामुळे फ्लॅश लवकर भरतो. चारचे दोन संच, एकत्र घेतलेले, एकत्रच चार्ज होणारे. संचांची सरमिसळ केली की सगळ्यात दुबळा सेल बाकीच्या तिघांना खाली ओढतो. लिथियम-आयन बॅटरीचे फ्लॅश आता सहज मिळतात, पूर्ण ताकदीनंतर दीड-दोन सेकंदांत भरतात आणि एका चार्जिंगमध्ये कितीतरी जास्त चालतात. कार्यक्रमांचे फोटो काढणाऱ्याला मी तेच सुचवतो. फक्त जादा बॅटरी फ्लॅशसोबतच घेऊन ठेवा, कारण काही वर्षांनी ते मॉडेल बंद झालं की तीच सापडत नाही.

प्लॅस्टिकचा डिफ्यूझर (फ्लॅशच्या तोंडावर बसणारी दुधी टोपी) फ्लॅशसोबत येईल. त्याने प्रकाश आपोआप मऊ होतो असं नाही, कारण उगमाचा आकार फारसा वाढत नाही. छोट्या पांढऱ्या खोलीत तो प्रकाश सगळ्या भिंतींवर फेकतो म्हणून चालतो. मोकळ्या मैदानात तो निम्म्याहून जास्त प्रकाश आकाशाला देऊन टाकतो. रंगीत भिंतींच्या खोलीत तर तो काढूनच ठेवा. हिरव्या भिंतीवरून आलेला प्रकाश चेहरे हिरवे करतो, आणि तो रंग नंतर संगणकावर पूर्ण निघत नाही.

बाहेरचं प्लॅस्टिक किती किमती आहे याचा फार विचार करू नका. पाय धातूचा असला तर उत्तम. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असेल तर अंधारात फोकसला मदत करणाऱ्या लाल प्रकाशाच्या जाळीसाठी पैसे मोजू नका, कारण ती डीएसएलआरसाठी (आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी) बनलेली असते आणि अनेक मिररलेस कॅमेरे ती वापरतच नाहीत. यूएसबीचं भोक असेल तर मात्र चांगलं. उद्या नवा कॅमेरा आला आणि टीटीएल अडलं, तर फर्मवेअर (फ्लॅशच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलून काम होऊ शकतं.

फ्लॅश घरी आला की परत करायची मुदत संपायच्या आत त्याची परीक्षा घ्या. पूर्ण ताकदीवर सलग आठ-दहा चमका काढा, प्रत्येक वेळी भरून येऊ द्या. भरायला लागणारा वेळ एकदम दुप्पट झाला किंवा जळका वास आला तर परत पाठवा. दोन-तीन डझन चमकांनंतर तो स्वतःहून मंद झाला, तर ती उष्णतेपासूनची सुरक्षा असते, दोष नव्हे. डोकं प्रत्येक कोनात वळवून बघा, तिथल्या तिथे टिकतं का. मग कॅमेरा टीटीएलवर ठेवून एकाच भिंतीचे सारख्या चौकटीत पाच फोटो काढा आणि शेजारी शेजारी लावा. फोटोंच्या उजळपणात डोळ्यांना दिसेल एवढा फरक असेल, तर आधी पायाचे संपर्क कोरड्या कापडाने पुसून पुन्हा काढा. तरीही तसंच राहिलं, तर तो नग बदलून घ्या.